पडल्यानंतरची हकीकत

घोड्यावरून जो पडतो त्याने अंगावरची धूळ झटकून तत्काळ पुन्हा घोड्यावर बसावे, असा एक उपदेश व्यवहारात सर्वत्र ऐकू येतो. ज्यांनी जन्मात लगाम हाती धरला नाही असे लोक तो अधिक आवर्जून करतात. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी, व्यापारात बुडालेला गृहस्थ, निवडणुकीत आपटलेला पुढारी, या सर्वांस आपण हाच दृष्टान्त ऐकवितो. आणि गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात शिकवीत असता आम्हीही तो किती जणांस ऐकविला असेल याची गणती नाही. या दृष्टान्तात सोय अशी की, तो देणारास स्वतः घोड्यावर बसावे लागत नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी दैवयोगाने आम्ही खरोखरीच घोड्यावरून पडलो आणि चांगले सहा महिने अंथरुणास व कुबड्यांस खिळून राहिलो. तेव्हा या उपदेशाकडे निराळ्या बाजूने, म्हणजे जमिनीवरून, पाहण्याची संधी आम्हांस मिळाली. पडलेला मनुष्य बरा झाला असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न त्या काळात आमच्या मनात घोळत राहिला. त्याचे जे उत्तर आम्हांस सापडले ते आमच्या फारसे गौरवाचे नाही; तथापि वाचकांस ते उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे मांडीत आहो.

आमचे मूळ गाव आणे. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता आळेफाटा, बेल्हे ही गावे मागे टाकून जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला पुन्हा एक घाट चढतो. तोच आणे घाट. तालुक्याच्या पश्चिम टोकाला पावसाळ्यात ढग अंगावरून जातात, आणि आमच्या पठारावर त्याच महिन्यांत माणसे आकाशाकडे डोळे लावून बसलेली असतात. रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीची यात्रा आणि तिचा आमटी-भाकरीचा प्रसाद यांमुळे गावाचे नाव पंचक्रोशीत सर्वांस ठाऊक आहे. नोकरीनिमित्त पुण्यास राहणारी आमच्यासारखी माणसे त्या निमित्ताने वर्षातून एकदा गावी जातात, आणि दोन दिवसांपुरती आपण अजून गावचेच आहो असे स्वतःस पटवून परत येतात.

या भागात घोडीला एक विशेष स्थान आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी भरधाव दौडत असते, आणि तिच्या मागे बैल धावतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. मधल्या सात वर्षांत बऱ्याच दावणी रिकाम्या झाल्या होत्या. बंदी उठल्यावर आमच्या भाऊबंदांतील एका तरुण शेतकऱ्याने कर्ज काढून अशी एक घोडी घेतली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर तो तिला फिरवीत असता आम्ही तेथे गेलो. “नाना, लहानपणी आजोबांच्या तट्टावर बसायचात म्हणे. बसता का?” असे त्याने सहज, थट्टेच्या सुरात विचारले. भोवती वीस-पंचवीस माणसे होती आणि त्यांत आमच्या वर्गातले दोन-तीन जुने सोबतीही होते. आम्ही बसलो. पहिली फेरी चालीने झाली, दुसरी दुडकीने झाली. तिसऱ्या फेरीस उताराशी घोडी एकाएकी झेपावली, आमची रिकीब सुटली, आणि आम्ही डाव्या अंगावर मुरुमात आपटलो. मांडीचे हाड मोडले. गळ्याजवळची हासळीही तडकली. लोक धावून आले तेव्हा आम्ही शुद्धीवर होतो, आणि आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते “घोडी बुजली” हे होय. जवळच्या कुंपणावर प्लॅस्टिकचा एक मोठा कागद वाऱ्याने फडफडत होता. त्यामुळे वाक्यास आधार मिळाला. पुढे इस्पितळात, घरी आणि महाविद्यालयात तेच वाक्य कायम झाले.

शरीर कसे बरे होते हे पाहण्यास आम्हांस भरपूर अवकाश मिळाला. आमच्या लहानपणी गावचा हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधून हाड बसवी. आता मांडीच्या हाडात धातूची सळई घालतात. साधने बदलली तरी मूळ क्रिया तीच आहे. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊसर सांधा धरू लागतो. पुढे दीड ते तीन महिन्यांत तो कठीण होतो. आणि त्यानंतर महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, ते हाड स्वतःस घडवीत राहते. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाडाची आतली घडण बळकट होते, हा सिद्धान्त बर्लिनचे शस्त्रवैद्य जूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. म्हणून वैद्य रोग्यास लवकर उभे करतात. ज्यावर भार नाही असे हाड झिजत जाते. आमच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी एके दिवशी क्ष-किरणांचे छायाचित्र दाखवीत सांगितले की, हाड आपण होऊनच जुळते, आमचे काम ते सरळ ठेवण्यापुरते. वाकडे ठेवले तर ते वाकडे जुळेल, आणि तितक्याच मजबुतीने जुळेल. मग ते सरळ करण्यास पुन्हा मोडावे लागते. त्या वेळी आम्ही हे ज्ञान केवळ हाडापुरते समजून घेतले.

शरीराबरोबर मानही मोडतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांस शिकविले त्याला कुशीवर कसे वळावे हे कोणी तरी शिकवावे लागते. घरच्या माणसांच्या हातून पाणी पिणे, त्यांच्या खांद्यावर भार टाकून न्हाणीघरापर्यंत जाणे, यांत पहिले काही दिवस आम्हांस फार लाज वाटली. आमच्या पत्नीने एकदा शांतपणे विचारले की, मी आजारी असते तर तुम्ही हे केले नसते काय? या प्रश्नास उत्तर नव्हते. दुसऱ्याचे करणे आम्हांस भूषणावह वाटत होते आणि दुसऱ्याकडून करून घेणे कमीपणाचे वाटत होते, म्हणजे उपकारांच्या व्यवहारात आम्ही नेहमी देणेकऱ्यांचीच गादी राखून ठेवली होती. ती गादी गेली याचे पुढे वाईट वाटेनासे झाले.

परंतु भीतीचे तसे झाले नाही. तिसऱ्या महिन्यात हाड चांगले धरले असे डॉक्टर म्हणाले; आणि त्याच सुमारास आमच्या घराखालून एक लग्नाची वरात गेली. वाद्यांच्या गजरात घोड्याच्या नालांचा आवाज डांबरी रस्त्यावर टप् टप् ऐकू आला, आणि खुर्चीत बसल्या जागी आमच्या सर्वांगास घाम फुटला. हातातील पेला सुटला. त्यानंतर झोपेतही ती झेप पुनःपुन्हा येऊ लागली. एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. त्याने मोठ्या आदराने आम्हांस आमचाच दृष्टान्त ऐकविला: सर, पडलेल्याने लगेच पुन्हा घोड्यावर बसावे, असे आपणच आम्हांस शिकविले आहे! आपण दुसऱ्यास दिलेली नाणी परत हाती आल्यावरच ती किती गुळगुळीत झाली आहेत हे कळते.

या उपदेशात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याजवळ हळूहळू, सुरक्षितपणे गेल्याने भीती ओसरते, हे मानसशास्त्रास चांगले ठाऊक आहे. परंतु त्याच शास्त्राने दुसरीही एक गोष्ट दाखविली आहे. रशियातील शास्त्रज्ञ पावलोव यांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले त्यांत, लावलेली सवय प्रयत्नपूर्वक मोडली तरी काही काळ विश्रांती दिल्यावर ती आपोआप पुन्हा डोके वर काढते असे आढळले. म्हणजे जुने शिकलेले पुसले जात नाही. त्याच्या शेजारी नवे शिकणे बसविले जाते. भीतीचेही असेच आहे. मग प्रश्न असा येतो की, शेजारी बसवावयाचे ते नवे शिकणे कोणते? पुन्हा घोड्यावर बसलो आणि पडलो नाही, एवढ्याने घोडी सदा विश्वासार्ह आहे असे सिद्ध होत नाही. ती या खेपेस बुजली नाही इतकेच सिद्ध होते. ज्याच्या हकीकतीप्रमाणे घोडी विनाकारण झेपावते, त्याने तिच्यावर विश्वास ठेवण्यास आधार तरी कोणता? आमची भीती आम्ही सांगितलेल्या हकीकतीशी अगदी सुसंगत होती, हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते.

अंथरुणावर पडल्या पडल्या वाचनात वेळ जाई. घोड्यांविषयी जे जे मिळाले ते वाचले. ग्रीक सेनानी झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर एक छोटा प्रबंध लिहिला आहे. घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये, आणि बुजणाऱ्या घोड्यास मारू नये, कारण ज्या वस्तूला तो बुजतो तिच्यामुळेच आपणांस वेदना झाली असे तो समजतो व अधिकच भितो, असे त्याने त्यात बजाविले आहे. तेवीस शतकांपूर्वीच्या या लष्करी माणसाने घोड्याच्या बाजूने विचार करून पाहिला होता. आमच्या मनात तोवर तो आलाही नव्हता.

सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार माँतेन हाही घोड्यावरून पडला होता. आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर तो एका लहान घोड्यावरून चालला असता, त्याच्याच पदरच्या एका धट्ट्याकट्ट्या माणसाने मोठा घोडा भरधाव फेकला आणि तो माँतेनवर येऊन आदळला. माँतेन मेल्यासारखा पडला. त्यास उचलून घरी नेत असता वाटेत रक्ताची वांती झाली. पुढे त्याने या अनुभवावर एक निबंध लिहिला, आणि मृत्यूच्या उंबरठ्यावर त्रास वाटण्याऐवजी एक प्रकारची सुखद शिथिलता वाटली असे त्यात वर्णन केले. पूर्वी तारुण्यात हा निबंध आम्ही वाचला होता तो मृत्यूसंबंधीच्या या विचारासाठी. या खेपेस मात्र एका निराळ्याच तपशिलावर दृष्टी अडली. शुद्धीवर आल्यावर माँतेन आपण कसे पडलो हे पुनःपुन्हा विचारी. आणि ज्याच्या हातून हे घडले त्याला सांभाळून घेण्यासाठी भोवतालची माणसे खरी हकीकत लपवून त्यास दुसऱ्याच काही हकीकती रचून सांगत. दुसऱ्या दिवशी त्याची स्मृती परत आली, आणि तो घोडा आपल्यावर चालून येत आहे तो क्षण विजेसारखा त्याच्या मनात चमकून गेला. वाचता वाचता आम्ही पुस्तक मिटून ठेवले, आणि का मिटले ते त्या दिवशी स्वतःस विचारले नाही.

ते विचारले दुसऱ्याने. आमच्याकडून व्यायामोपचार करून घेणारी एक तरुण मुलगी रोज येई. पाचव्या महिन्यातही आम्ही डावा पाय टाकताना टाच जमिनीला लागू देत नव्हतो. हाड धरले आहे, स्नायूंत बळ आले आहे, मग टाच का टेकत नाही, याचा तिला उलगडा होईना. एके सकाळी तिने विचारले, “सर, पडलात त्या क्षणी हा पाय नेमका कोठे होता? टाच खाली होती की आत वळलेली होती?” वैद्यकीय प्रश्न म्हणून तिने विचारले आणि वैद्यकीय प्रश्न म्हणूनच आमच्या तोंडून उत्तर निघून गेले: “टाच आत होती. आम्ही तिला टाच मारली होती.”

घोडी बुजली नव्हती. तिसऱ्या फेरीस, जुन्या सोबत्यांच्या समोर आल्यावर, तिला दौडवून दाखवावी असे आमच्या मनात आले. आम्ही दोन्ही टाचा जोराने मारल्या. आणि ती पुढे झेपावताच घाबरून दोन्ही हातांनी लगाम आखडला. टाचेने जा म्हणावयाचे आणि लगामाने थांब म्हणावयाचे, अशा दोन परस्परविरुद्ध आज्ञा एकाच क्षणी मिळाल्यावर त्या मुक्या जनावराने काय करावे? शर्यतीत बैलांच्या पुढे धावण्यासाठी शिकविलेली घोडी ती. टाच लागताच तिने आपले काम केले. कागद कुंपणावर फडफडत होता हे खरे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. तो कागद तिने पहिल्या दोन्ही फेऱ्यांत पाहिला होता आणि त्याची पर्वा केली नव्हती. आमचे वाक्य सर्वस्वी खोटे असते तर ते कदाचित टिकले नसते. त्यात कागदाएवढा खरेपणा होता, म्हणून ते पाच महिने टिकले.

आता वाचक म्हणतील की, वेदनेच्या भरात निघालेल्या एका वाक्याचे इतके काय? पहिल्या दिवशी ते क्षम्य होते असे आम्हांसही वाटते. पण दर भेटीस येणाऱ्यापुढे ते पुन्हा सांगत असता आम्ही वेदनेत नव्हतो. प्रत्येक सांगण्याने ते अधिक घट्ट होत गेले, जसे वाकडे बसविलेले हाड दिवसेंदिवस घट्ट होते. आणि त्याची किंमत आम्हांसच द्यावी लागली असती तर गोष्ट वेगळी. ती दुसऱ्यावर पडत होती. घोडीचा मालक पहिल्या महिन्यात दोनदा पुण्यास येऊन गेला होता. येताना गावची बाजरी आणि शेंगा घेऊन आला. दुसऱ्या खेपेस तो खाली पाहत म्हणाला होता, “नाना, लोकं आता तिच्यावर बसायला धजत नाहीत. ऐबी म्हणतात. काढून टाकावी म्हणतो.” आम्ही ते ऐकले, आणि वाईट झाले असे म्हणालो. प्राध्यापकाच्या तोंडच्या एका वाक्याने एका जनावराची पत जात होती व एका कर्जबाजारी शेतकऱ्याचे पैसे बुडत होते. आणि भीती का जात नाही म्हणून आम्ही मानसशास्त्राची पुस्तके वाचीत होतो!

यावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक पतनात असा कोणी तरी अपराधी असतोच असे नाही. जेथे कोणाचाच दोष नाही तेथे खरी हकीकत सांगून काय होणार? या आक्षेपाचा विचार करताना महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन प्रसंग आम्हांस आठवले. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीस गेले असता घोड्याचा पाय अडकून पडले आणि मृत्यू पावले. ज्या शिवनेरीवर १६३० साली त्यांच्या पुत्राचा जन्म झाला तो आमच्याच तालुक्यातला. जिजाबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या, आणि पुत्राने व भोवतालच्या माणसांनी मोठ्या प्रयासाने त्यांचे मन वळविले, असे बखरकार सांगतात. त्या घोड्याचा दोष नव्हता, स्वाराचाही नव्हता. आणि मागे राहिलेल्या पत्नीचा तर नव्हताच नव्हता. पतीमागे जगणे हा काही अपराध नाही, ही त्या प्रसंगाची खरी हकीकत होती. ती स्वीकारून जिजाबाई दहा वर्षे जगल्या, आणि १६७४ चा राज्याभिषेक पाहून मग त्यांनी देह ठेवला.

दुसरा प्रसंग कोल्हापूरचा. शाहू छत्रपतींचे धाकटे पुत्र शिवाजी हे १९१८ साली रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. त्यांचे लग्न होऊन वर्षच झाले होते. सून इंदुमतीदेवी अगदी अल्पवयीन होत्या. आपल्या समाजात अशा वेळी हकीकत तयारच असे: सुनेचा पायगुण! घोडा पडो, होडी बुडो, पटकी येवो, दोष जाऊन बसे तो घरातल्या सर्वांत मुक्या माणसाच्या माथी. शाहू महाराजांनी ही हकीकत मानली नाही. पुत्रशोकात असताही त्यांनी सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली, आणि विरोध होत असता ती चालू ठेवली. पडला एक, पण उठावयाचे होते मागे राहिलेल्यांना. आणि निर्दोष माणसावर दोष न टाकता ते उठले, म्हणून त्यांचे उठणे सरळ झाले. जेथे अपराधी नाही तेथे अपराधी निर्माण न करणे, हेही खरी हकीकत सांगणेच होय. आम्ही मात्र जेथे अपराधी होता तेथे तो लपवून मुक्या जनावरास पुढे केले होते.

काठी टेकीत चालता येऊ लागल्यावर आम्ही आण्यास गेलो. मालकाच्या ओट्यावर बसून त्यास सर्व सांगितले. आम्हांस वाटले होते की तो चकित होईल, कदाचित रागावेल. त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकविला आणि म्हणाला, “टाच आम्ही समद्यांनी पाहिली होती, नाना.” मग का बोलला नाहीस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “तुमचा पाय मोडलेला. त्यात आणखी काय बोलायचं?” घोडी चार महिन्यांपूर्वीच, घेतल्या किमतीच्या निम्म्यानेही नाही, अशा भावाने गेली होती. नारायणगावकडच्या एका वरातीच्या घोडेवाल्याने ती घेतली होती.

माँतेनच्या माणसांनी ज्याच्या हातून घडले त्याला सांभाळून घेतले. आमच्या गावच्या माणसांनीही नेमके तेच केले होते. फरक इतकाच की येथे पडणारा आणि पाडणारा एकच होता. ज्या मौनाच्या आश्रयाने आम्ही बरे होऊ पाहत होतो ते मौन त्यांनी आम्हांस उधार दिले होते, आणि त्याचे व्याज घोडी व तिचा मालक भरीत होते. उपकार घेणे आम्ही आजारात शिकलो असे वर म्हटले आहे. पण सर्वांत मोठा उपकार कोणता घेतला हे त्या ओट्यावर प्रथम कळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नारायणगावकडे गेलो. नव्या मालकास, आणि तेथे जमलेल्या चार माणसांस, घोडी बुजली नव्हती, चूक स्वाराची होती, हे आम्ही स्पष्ट शब्दांत सांगितले. जुन्या मालकाचे जे नुकसान झाले त्याचा हिशेब करून तो आम्ही हप्त्यांनी फेडीत आहो. पहिल्यांदा तो घेण्यास तयार नव्हता, आणि उपकार करण्यापेक्षा करून घेणे कठीण असते हे आम्हीच त्यास समजावून सांगितले. घोडी परत मिळाली नाही. घेणाऱ्याचा तिच्यावर जीव बसला होता, आणि वरातीत ती शांत चालते असे तो म्हणाला. खऱ्या हकीकतीने सर्व नुकसान भरून येते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उशिरा सांगितलेल्या हकीकतीने तर नाहीच नाही.

“बसता का?” त्याने सहज विचारले. तेच शब्द. आम्ही नको म्हणालो. हातावर गुळाचा खडा घेऊन तिच्या खांद्याजवळून, तिला दिसेल असे, हळूच पुढे गेलो. तिने तो ओठांनी उचलला. छाती धडधडत होती हे लपविण्याचे कारण नाही. ती भीती आजही गेलेली नाही. वरातीच्या घोड्याचा आवाज आला की हात थबकतो. पण पूर्वी जी भीती सर्व घोड्यांची, उताराची, रात्रीची, कशाचीही होती, ती आता एका ठरावीक गोष्टीपुरती उरली आहे: चार लोक पाहत असता आपण काय करू, याची. ही भीती बाळगण्यासारखी आहे असे आमचे मत झाले आहे. आणि डावी टाच, का कोण जाणे, त्या प्रवासानंतर थोड्याच दिवसांत जमिनीस टेकू लागली. व्यायामोपचारांचेच ते फळ असेल. आम्ही त्याचे श्रेय दुसऱ्या कशास देत नाही.

तेव्हा पडलेला मनुष्य बरा केव्हा झाला? पुन्हा घोड्यावर बसला तेव्हा, असे लोक म्हणतात. पुष्कळांच्या बाबतीत ते खरे असेल. ज्यांचे पोट घोड्यावर आहे त्यांना बसावेच लागते, आणि त्यांच्या धैर्यास आमचा नमस्कार असो. परंतु पुन्हा बसणे ही बरे होण्याची खूण होय, कारण नव्हे. पडण्यापूर्वी आमच्या अंगी जे होते त्यास आम्ही विश्वास समजत होतो. वस्तुतः ती बेसावधी होती. आपण पडू शकतो, आणि आपल्याच हातून पडू शकतो, हे ज्यास ठाऊक नाही त्याने ठेवलेल्या विश्वासास फारशी किंमत नाही. हे ठाऊक झाल्यावर घोड्यावर, दुसऱ्या माणसावर आणि स्वतःवर जो विश्वास बसतो तो आकाराने लहान असतो. पण त्याच्यावर भार टाकता येतो, आणि भार टाकल्याने तो वाढतो.

आपल्या घरांतून रोज कोणी ना कोणी पडत असते. घोडी आता फारशा उरल्या नाहीत, पण पडण्याच्या जागा उणावल्या नाहीत. मुलगा परीक्षेत पडतो, भावाभावांची भागीदारी मोडते, जुळलेले लग्न फिसकटते. अशा वेळी लगेच उठ, पुन्हा घोड्यावर बस, असे सांगण्याची घाई आपण करतो. त्याऐवजी त्याच्याजवळ बसून, दोष काढण्याच्या सुरात नव्हे तर त्या मुलीने ज्या सुरात विचारले त्या सुरात, पडलास त्या क्षणी पाय नेमका कोठे होता, एवढे विचारावे. उत्तर लगेच येणार नाही. ते येईपर्यंत थांबावे, आणि तोवर कोणत्याही घोडीस ऐबी म्हणू नये.